दुसरं वाचन

सूर्यास्ताला दोन तास दहा मिनिटं

चर्चच्या ऑफिसात एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. कपाटाच्या किल्ल्या सहा महिन्यांपासून पेन्सिलकडे होत्या. केसांत कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून लहानपणी घरच्यांनी हे नाव पाडलं. आता ती बेचाळीस वर्षांची होती, शाळेत ग्रंथपाल होती, पण नाव काही सुटलं नव्हतं. चर्चची चिटणीस म्हणून तिला निवडताना सांगितलं होतं, सोपं काम आहे, सभासदांची नावं नीट ठेवायची, बस.

रविवारी सकाळी दहाला सभा होती. विषय एकच: कपड्यांची खोली बंद करून तिथे आरोग्य तपासणीची खोली करायची का. ठराव मांडणार होता तिचा दादा, मंडळीचा मुख्य एल्डर, पाळक नसतील तेव्हा चर्च सांभाळणारा, धंद्याने घड्याळं दुरुस्त करणारा. विरोध करणार होती आई, जिने ती खोली सुरू केली आणि आजवर चालवली. आणि दोघांच्या मधे मतदारांची यादी, जी पेन्सिलने आज सूर्य मावळायच्या आत पुरी करायची होती. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस. मग शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत यादी नाही, छपाई नाही, कपाटाला किल्ली नाही.

यादी दादानेच मागितली होती.

"दोन-चार मतांचा मामला आहे," तो फोनवर म्हणाला होता. "नंतर कोणी म्हणायला नको, पाहुण्यांनी हात वर केले. रजिस्टरवर नाव असेल तोच."

"आणि नसेल तर?"

"तर बसून बघायचं. सोपं आहे."

पेन्सिलने नावं उतरवत आणली. आत्याची ओळ होती. दादाची, त्याच्या बायकोची, तिची स्वतःची, ज्याच्या-त्याच्या बाप्तिस्म्याच्या तारखेसकट. मग बाबांची ओळ आली. बाबा सुतार होते; चर्चमधली सगळी बाकं त्यांच्या हातची. ओळीत बाबांचं नाव होतं आणि त्यापुढे जुन्या चिटणिसाच्या अक्षरात दोन शब्द: व कुटुंब. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा कोणीतरी पट्टी लावून लाल शाईने ती ओळ काढून टाकली होती. अख्खी ओळ. 'व कुटुंब'सकट.

आईची वेगळी ओळ असणार म्हणून तिने शोधली. पुढे शोधली, मागे शोधली. मग कपाटाचा खालचा कप्पा उघडून अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची सभावृत्तांताची वही काढली. आई लग्न होऊन इथे आली ते हे वर्ष.

*

वहीतून, जसंच्या तसं:

बदलीपत्राने येणाऱ्यांचे पहिले वाचन. नावे तीन. कोणास काही सांगावयाचे असल्यास आठवड्यात पाळकांस सांगावे.

(एक पान उलटून, पुढचा शब्बाथ:)

दुसरे वाचन. नावे दोन. हात वर करून मंजूर. तिसऱ्या नावाबद्दल एका भगिनीची लेखी हरकत. कार्यकारी मंडळाच्या पुढील सभेत विचार व्हावा. चिठ्ठी सोबत.

(पुढील सभा: छपराची गळती. त्यापुढील: पाळकांची बदली, निरोप समारंभ. त्यापुढील: नवे पाळक, पुन्हा छपराची गळती.)

(बदलीपत्राच्या मागच्या बाजूला, आईच्या माहेरच्या चर्चच्या चिटणिसाचा शेरा:)

पत्र पाठवताच आमच्याकडील नाव कमी केले आहे.

*

ही शेवटची ओळ पेन्सिलने तीनदा वाचली. नियम शेंबडं पोरही सांगेल: दुसऱ्या चर्चमधून आलेल्याचं नाव दोन शब्बाथ वाचायचं, आणि नवी मंडळी दुसऱ्या वाचनानंतर ते घेईपर्यंत जुनीने सोडायचं नसतं. तिथल्या चिटणिसाने घाई केली, इथल्यांनी दिरंगाई केली, आणि आई मधल्या मधे अठ्ठेचाळीस वर्षं कुठल्याच चर्चची सभासद नव्हती.

चिठ्ठी गंजलेल्या टाचणीने लावलेली होती.

'काल सूर्यास्तानंतर दीड तासाने माझ्या वहिनीचे शिलाई मशीन चालू होते. मी खिडकीतून स्वतः पाहिले. लिहिताना वाईट वाटते, पण खरं ते खरं.'

खाली सही नव्हती. सहीची गरजही नव्हती. हे अक्षर पेन्सिलला दर वाढदिवसाला कार्डावर येत होतं, आणि 'खरं ते खरं' आठवड्यातून दहा वेळा कानावर.

सूर्यास्ताला चव्वेचाळीस मिनिटं

दादाच्या घरी भांडणाला वेळ ठरलेली होती. शब्बाथात आवाज चढवायचा नाही हा बाबांचा दंडक, त्यामुळे आठवडाभर साठलेलं सगळं शुक्रवारी सूर्यास्ताआधी उरकून घ्यावं लागे. दर शुक्रवारी सगळे इथेच जमायचे. शब्बाथाची सुरुवात एकत्र करायची. पाहुणा कोणी आला तर त्याला वाटे, ह्या घरात काय चाललंय. काही नाही, घाई चाललेली असे.

"आरोग्याची खोली कर ना तू," आई म्हणत होती. तिच्या मांडीवर कुणाचातरी जुना कोट होता आणि ती त्याचं अस्तर उसवत होती. "हजार खोल्या कर. माझ्याच खोलीवर का डोळा?"

"कारण दुसरी खोलीच नाही, आई. एक तळघर आहे, त्यात बेडूक राहतात."

"बेडकांना मत आहे का रविवारी? नाही म्हणजे, तू यादी करतोयस म्हणून विचारलं."

दादाची बायको हसली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. आरोग्याच्या खोलीची मूळ कल्पना तिची. ती उभ्याउभ्या पाव कापत होती.

"आज किती आले कपड्यांना?" दादाने विचारलं.

"चार."

"चार! आणि गेल्या महिन्यात आम्ही फुटपाथवर टेबल टाकून ब्लडप्रेशर बघितलं तर एकसष्ट. एकसष्ट माणसं चर्चच्या दारात, आई. पूर्वी कधी आली होती?"

"चारांना थंडी वाजत नाही का मग?"

"आई," नर्स म्हणाली, "त्या चारातल्या तिघांना साखर आहे. मी तपासलंय. कोट घालून पायाची जखम भरत नाही."

"बरोबर. आणि तो जखमवाला तुझ्याकडे कोणी पाठवला?"

नर्सचा हात थांबला.

"तीन वेळा आला तो माझ्याकडे," आई म्हणाली. "पहिल्यांदा शर्ट नेला. दुसऱ्यांदा नुसताच बसला. तिसऱ्यांदा म्हणाला, बाई, बूट जरा मोठे असतील का, पाय सुजलाय. तेव्हा तुझं नाव सांगितलं. टेबलावर यंत्र मांडून बसलात तर धडधाकट लोक येतात गं. ज्याला दाखवायची लाज वाटते तो आधी कपडे मागायला येतो."

"आता हे वहिनीचं नेहमीचं," कोपऱ्यातून आत्या म्हणाली. ती बटाटे सोलत होती. बाबांची धाकटी बहीण, लग्न न केलेली, शब्बाथ शाळेत चाळीस वर्षं मुलांना शिकवलेली. "काटा म्हणतोय त्यात तथ्य आहे. मी त्याच्याच बाजूने हात वर करणार. खरं ते खरं."

काटा म्हणजे दादा. लहानपणी शाळेच्या फाटकात घंटेच्या ठोक्याला पाय टाकायचा म्हणून.

"करा की वन्सं," आई म्हणाली. "तुमचा हात, तुमचा खांदा."

एवढ्यात पेन्सिल आली. चपला काढल्या, काखेतली वही कोणाला दिसणार नाही अशी धरली आणि म्हणाली, "आत्या, जरा आत ये."

सूर्यास्ताला एकतीस मिनिटं

आत्याने चिठ्ठी हातात घेतली नाही. लांबूनच पाहिली.

"चष्मा नाहीये माझ्याकडे," ती म्हणाली.

"डोक्यावर आहे."

आत्याने चष्मा डोळ्यांवर ओढला. वाचायला लागतो त्याच्यापेक्षा जास्त वेळ ती वाचत राहिली. स्वयंपाकघरात नळ गळत होता. दादाला सेकंदाचा काटा दुरुस्त करता येतो, नळ नाही, असं एरवी ती म्हणाली असती.

"वीस वर्षांची होते मी," ती म्हणाली. "विसाव्या वर्षी माणसाला सगळं खरं माहीत असतं."

"पुढे काय झालं?"

"पुढे काय, पाळकांची बदली झाली. मला वाटलं, मंडळाने मिटवलं असेल." ती थांबली. "नाही, खोटं नको. पहिली दोन वर्षं तसं वाटलं. मग कळलं, नसेल मिटवलं."

"कसं कळलं?"

"तू बघितलं नाहीस कधी? सभेत हात वर करायची वेळ आली की तुझी आई काय करते?"

पेन्सिलने आठवून पाहिलं. पाळकांची निवड, छपराचा खर्च, नवे एल्डर, दर वेळी. 'ज्यांची संमती आहे त्यांनी' एवढं ऐकू आलं की आई तिसऱ्या बाकाच्या टोकावरून उठायची आणि सहभोजनाचे डबे गरम करायला मागे जायची. दाराजवळची जागा तिने म्हणूनच धरली होती. सगळे म्हणायचे, बाईंना काय ती जेवणाची काळजी.

"तिला माहीत आहे?" पेन्सिलने विचारलं.

"मी कधी विचारलं नाही. तिने कधी सांगितलं नाही."

"अठ्ठेचाळीस वर्षं?"

"वर्षाला चारदा प्रभुभोजन," आत्या म्हणाली. "त्याआधी मागच्या खोलीत आपण बायका एकमेकींचे पाय धुतो. मी दर वेळी तुझ्या आईसमोर बसते. कधी चुकवलं नाही. दर वेळी तिचा पाय हातात घेतला की ठरवते, आज बोलायचं. मग तीच विचारते, वन्सं, पाणी फार गरम नाही ना झालं? आणि मी म्हणते, नाही, ठीक आहे." तिने चष्मा काढला. "काय करणार आहेस?"

"यादी करायची आहे मला. त्यात नाव नसेल तर आईने परवा बसून बघायचं, असं दादाच म्हणालाय. नाव घुसडलं तर मी खोटी चिटणीस. नाही घातलं तर..."

"आणि ती हरली तर? तिच्या एका मताने?"

"तू तर दादाच्या बाजूची ना?"

अर्धवट सोललेला बटाटा अजून आत्याच्या मुठीत होता.

सूर्यास्ताला चौदा मिनिटं

दादाने वही वाचली ती उभ्याने, खिडकीच्या उजेडात. घड्याळ उघडल्यावर तो जसा बघतो तसा: आधी काही न हलवता. त्याला अपेक्षा होती, कुठेतरी एक पान चिकटलेलं निघेल आणि त्यात आईचं नाव असेल. पानं चिकटलेली नव्हती.

"हे चुकून राहिलंय," तो म्हणाला.

"चुकून राहिलंय, पण राहिलंय," पेन्सिल म्हणाली. "रजिस्टरवर नाव असेल तोच."

"अगं, ते मी दुसऱ्यांसाठी म्हणत होतो."

"नियम तुझाच आहे," त्याची बायको म्हणाली. तिने पावाची सुरी खाली ठेवली होती. "आणि ऐक, आईंना यादीबाहेर ठेवून मिळालेली खोली मला नको. मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही."

"मी कुठे म्हणालो ठेवायचं?"

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

कोणाला कळलं नाही ती कशाबद्दल बोलते आहे. ती कोटाच्या अस्तरातला दोरा ओढून काढत होती.

"तो कागद. माहीत आहे मला. त्या शब्बाथला तीन नावं होती. मी निळा ड्रेस घालून बसले होते, स्वतः शिवलेला. दोन वाचली. नाव वाचलं की उभं राहायचं असतं, म्हणून मी अर्धी उठले. तिसरं वाचलंच नाही. तुझ्या बाबांनी हाताला धरून खाली बसवलं." दोरा निघाला. "अर्धं उठलेलं माणूस फार वाईट दिसतं."

"आणि कोणी लिहिलं ते?" पेन्सिलने विचारलं.

आईने आत्याकडे पाहिलं. "मशीनवर वाकलं तरी डोळे असतात माणसाला. खिडकीत कोण उभं होतं ते दिसलं मला."

आत्या भिंतीला टेकली.

"काय शिवत होतीस?" दादाने विचारलं. आवाज घड्याळजीचा, कुठल्या भागाला धक्का लागलाय ते विचारणारा.

"दोन गणवेश. मालधक्क्यावरचा एक हमाल होता. त्याच्या मुलीला ऐकू यायचं नाही. लांबच्या गावी मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत जागा मिळाली होती. शनिवारी पहाटेची गाडी. गणवेशाशिवाय घेणार नव्हते. त्यांचा शिंपी आजारी पडला. हा माणूस कापड काखोटीला मारून दारोदार फिरत आमच्या दारात आला तेव्हा सूर्य मावळायला वीस मिनिटं होती. वीस मिनिटांत दोन गणवेश होत नाहीत." तिने कोट झटकला. "दर आठवड्याला मग त्याने कोणालातरी पाठवलं. अशी झाली ती खोली."

"मग हे तू मंडळाला सांगायचंस!"

"बोलावलं असतं तर सांगितलं असतं. तुझे बाबा म्हणाले, आपणच जाऊ, माफी मागून टाक, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, कशाची? ते म्हणाले, नुसतं म्हणायचं गं. पण नुसतं म्हणायला मला येत नाही. शब्बाथ माझाही आहे. त्यानंतर एकाही शुक्रवारी मशीनला हात लावलेला नाही मी. पण त्या शुक्रवारची माफी नाही."

"बरं, ठीक, ऐका," दादा म्हणाला. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वेग वाढवला. "रस्ता आहे. पहिलं वाचन झालेलं आहे. हरकत एकच. आत्याने ती मागे घेतली, मी एल्डर म्हणून ऐकली, की दुसरं वाचन उद्याच्या उपासनेत करता येतं. पाळक उद्या दुसऱ्या मंडळीत आहेत, पण मी आहे. आत्या, तू फक्त मागे घेते म्हण. आई, तू काही बोलूच नकोस. म्हणजे नियमात बसतं आणि परवा तू माझ्या विरोधात खुशाल

मावळला.

सूर्यास्तानंतर

वाक्य तिथेच राहिलं. नर्सने दिवा लावला, दादाने गीताचं पुस्तक उघडलं, चौघांनी एका सुरात आणि आत्याने नेहमीसारखं अर्धा सूर वर गायलं. जेवायला बसल्यावर मीठ कमी आहे एवढंच बोललं गेलं.

न बोललेलं: आत्याचं सगळं. दादाचं उरलेलं वाक्य. 'एवढी वर्षं तू आम्हाला दर शनिवारी केस विंचरून, हाताला धरून तिथे नेत होतीस आणि स्वतः,' हे पेन्सिलचं. आईचं काही नव्हतं. तिचं बोलून झालं होतं, तिने दोनदा वाढून घेतलं.

सूर्यास्तानंतर सोळा तास, वीस मिनिटं

पेन्सिल उपासनेत उभी राहिली तेव्हा तिच्या हातात वही नव्हती. वही कपाटात होती आणि शब्बाथाला कपाट उघडत नाहीत. दादा व्यासपीठावर तिच्या मागच्या खुर्चीत बसला होता. सकाळपासून त्याने विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं.

तिने आधी एका नव्या जोडप्याचं पहिलं वाचन केलं. लोकांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं, ते दोघे लाजले.

"आणि एक दुसरं वाचन," पेन्सिल म्हणाली. "पहिलं वाचन अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी झालं. दुसरं राहिलं."

तिने आईचं नाव वाचलं, बदलीपत्रात होतं तसं, माहेरच्या आडनावासकट. निम्म्या लोकांना वाटलं, कोणी नवी सून आली आहे. ते दाराकडे बघायला लागले. दाराजवळ तिसऱ्या बाकाच्या टोकावर फक्त कपड्यांच्या खोलीतल्या बाई बसल्या होत्या.

आत्या उभी राहिली.

काल अर्धी रात्र तिने वाक्यं जुळवली होती. वीस वर्षांच्या मुलीबद्दल एक होतं, खिडकीबद्दल एक होतं. उभं राहिल्यावर त्यातलं एकही उरलं नाही.

"हरकत माझी होती," ती म्हणाली. "मी ती मागे घेते."

"नका घेऊ," आई म्हणाली.

बसल्या जागेवरूनच म्हणाली, पण आत्या चाळीस वर्षांच्या सवयीने मुलांकडे वळावं तशी वळली.

"वहिनी, मला बोलू दे. चुकलं माझं."

"काय चुकलं? मशीन चालू होती ना?"

"होती."

"सूर्य मावळला होता?"

"दीड तास झाला होता."

"मग मागे काय घेताय वन्सं? जे पाहिलं ते पाहिलं. खरं ते खरं, तुमचंच ना?"

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

आई उभी राहिली, गुडघ्यावर हात टेकून, पण पूर्ण उभी राहिली. "हरकत खरी आहे. मी शिवलं. माफी मागायची असती तर तेव्हाच मागितली असती, तेव्हा मला गुडघे टेकता येत होते. हरकत राहू दे. तिच्यासकट घ्यायचं तर घ्या. नाहीतर डबे गार होतायत, मी मागे जाते."

आता सगळे दादाकडे बघत होते.

दादाला नियम पाठ होते. हरकत कायम असेल तर प्रकरण मंडळाकडे. मंडळाची पुढची सभा महिन्याने. महिन्याने म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं एक महिना. बंद घड्याळाला एक महिना काय आणि एक वर्ष काय. त्याच्या हातून आजवर एकही घड्याळ असं गेलं नव्हतं, ज्यात एक चाक जास्त उरलं आणि तरी ते चाललं.

"हरकत कायम आहे," तो म्हणाला. "ती सगळ्यांनी ऐकली. ही हरकत असताना, हे नाव मंडळीत घ्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत."

'ज्यांना वाटतं' ऐकल्याबरोबर आईचे पाय आपोआप दाराकडे निघाले.

"आई," दादा व्यासपीठावरून म्हणाला. "बस."

नर्सने सरकून तिला जागा दिली. पहिला हात आत्याचा होता, नेहमीच्या तिच्या सुरासारखा, सगळ्यांच्या अर्धा क्षण आधी आणि जरा जास्तच वर.

"विरोधात?"

एक हात. बाजा वाजवणारे काका. "माफी नाही तर नाव नाही," ते म्हणाले. "बाईंवर राग नाही माझा."

आईने त्यांच्याकडे पाहून मान हलवली, जणू त्यांनी बरोबर जागी टाका घातला होता.

*

वहीत, रविवारी सकाळी उतरवलेलं:

दुसरे वाचन. नाव एक. हरकत कायम. बहुमताने मंजूर.

रविवार, दहा वाजून पन्नास मिनिटं

कपड्यांच्या खोलीवर पाऊण तास बोलणं झालं. दादा चांगलं बोलला, आकडे सांगितले. नर्स त्याच्यापेक्षा चांगलं बोलली. तिने जखमवाल्या माणसाची गोष्ट सांगितली आणि त्याला कोणी पाठवलं तेही सांगितलं, ठरावाला त्याने उणेपणा येत असूनही. आई जे घरी बोलली होती तेच बोलली, फक्त बेडूक वगळून.

"ठरावाच्या बाजूने?"

पेन्सिलने मोजले. एकवीस. त्यात नर्सचा होता. बाजावाल्या काकांचाही. आत्याचा नव्हता. दादाने आत्याकडे पाहिलं. आत्या छपराकडे बघत होती, जणू कुठे गळतंय का ते.

"विरोधात?"

आईने हात वर केला. किती वर करायचा ते तिला नक्की माहीत नव्हतं. आधी खांद्यापर्यंत नेला, मग आजूबाजूला बघून आणखी वर. शिंपिणीचा हात, अंगठ्याजवळ कात्रीने पडलेला घट्टा. शेजारी आत्याचा हात होता. पेन्सिलने डावा हात वर केला आणि उजव्याने मोजत राहिली.

"बाजूने एकवीस, विरोधात सतरा," ती म्हणाली. "ठराव मंजूर."

दादाने मान हलवली. जिंकलेल्या माणसाच्या मानाने फार हळू. खुर्च्या सरकल्या, माणसं उठली, कोणीतरी खिडक्या लावायला लागलं.

आईचा हात अजून वर होता.

"आई, झालं," पेन्सिल म्हणाली. "खाली कर आता."

"मोजलं का मला?"

"मोजलं."

"कितवी?"

"सतरावी. शेवटची."

आईने हात खाली घेतला आणि दुसऱ्या हाताने खांदा दाबला.

"म्हणजे हरलो आपण."

"हरलो."

"चल मग, खोकी आणू," आई म्हणाली. "आणि काट्याला विचार, हरलेल्यांनी खोली किती वाजेपर्यंत रिकामी करायची असते. मला नियम माहीत नाही. मी नवीन आहे."